तोळणुऱ्यांच्या गच्चीवरचं ऊन

आपल्या घराच्या गच्चीवर सौरऊर्जेची पॅनलं बसणार आहेत, ही बातमी गुरुशांत तोळणुरे यांना मंडपात बसलेल्या बाकीच्या चारशे लोकांबरोबरच कळली. ते तिसऱ्या रांगेत बसले होते. पहिल्या रांगेत बसायचा त्यांना हक्क होता, कारण व्यासपीठावर बसलेल्या नगरसेविका चंद्रिकाताई या त्यांच्या पत्नी. पण नगरसेविकेचे मिस्टर पहिल्या रांगेत बसले की लोक म्हणतात, बघा, खरा कारभारी हा. आणि तिसऱ्या रांगेत बसले की लोक काहीच म्हणत नाहीत. गुरुशांतना दोन्हींचा त्रास व्हायचा, पण दुसरा जरा कमी.

भाषण चाललं होतं दिग्विजयदादांचं. दादा म्हणजे पक्षाचे जिल्ह्यातले मोठे नेते. सोलापूरला देवानं काही कमी दिलं असेल, पण ऊन मात्र माप न लावता दिलंय, असं म्हणून त्यांनी टाळ्या घेतल्या. मग आवाज खाली आणून ते म्हणाले की लोकांना उपदेश करायचे दिवस गेले, आता नेत्यांनी आपल्या घरापासून सुरुवात केली पाहिजे. आणि व्यासपीठाकडे वळून त्यांनी विचारलं, कोण करणार सुरुवात?

व्यासपीठावर नेत्यांची कमतरता नव्हती. एकाला त्याच क्षणी मोबाईलमध्ये महत्त्वाचं काही सापडलं. दुसरे खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या पायात चपला होत्या. चंद्रिकाताईंनी मात्र मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं होतं. प्रश्न विचारला की कुणीतरी हात वर केला पाहिजे, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी हात वर केला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुशांतनीही टाळ्या वाजवल्या, आणि आपण कशासाठी टाळ्या वाजवतोय हे त्यांना वाजवता वाजवता समजत गेलं.

स्कूटरवरून घरी येताना त्यांनी सौम्यपणे विचारलं, घरात एकदा बोललो असतो तर बरं झालं नसतं का. चंद्रिकाताई म्हणाल्या की दादांनी व्यासपीठावर विचारलं, घरात येऊन विचारलं असतं तर घरात बोललो असतो. या उत्तरात कुठंतरी खोट आहे, असं गुरुशांतना सात रस्ता चौकापासून घर येईपर्यंत वाटत राहिलं, पण ती सापडली नाही.

कामाची वाटणी मात्र लगेच झाली. जाहीर करायचं काम ताईंनी केलेलंच होतं. उरलेलं, म्हणजे प्रत्यक्ष पॅनलं बसवायचं किरकोळ काम, गुरुशांतकडे आलं. "तुम्ही रिकामेच असता की," ताई म्हणाल्या. गुरुशांत कॉलेजात कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या सहीशिवाय तिथं खडूचं खोकंसुद्धा हलत नसे. 'रिकामे' हा शब्द त्यांनी त्या दिवशी जेवणाबरोबर गिळला आणि पाणी जरा जास्त प्यायले.

दोन दिवसांनी सौर एजन्सीचा अनीश आला. गोरा, चुणचुणीत, गळ्यात ओळखपत्र, इंजिनिअर झालेला. त्यानं गच्ची पाहिली आणि त्याचे डोळे पाणावल्यासारखे झाले. अशी गच्ची आपण पाहिलीच नाही म्हणाला. झाड नाही, टाकी नाही, टॉवर नाही, उजाडल्यापासून मावळेपर्यंत अखंड ऊन. मग त्यानं विचारलं, "काका, पण हे सगळं काय आहे?"

हे सगळं म्हणजे पापड होते. शाळूच्या पापड्या होत्या, कुरडया होत्या, शेवया होत्या, शेंगदाण्याच्या चटणीसाठी वाळत घातलेल्या मिरच्या होत्या. गल्लीत एवढी उन्हाची गच्ची दुसरी नव्हती, त्यामुळं संक्रांत सरली की सगळ्या बायकांचं वाळवण तोळणुऱ्यांकडे यायचं. वरच्या जिन्याला कधी कुलूप नसे. खरं सांगायचं तर चंद्रिकाताई निवडून आल्या त्या याच गच्चीवर. प्रचारासाठी त्यांना फारसं हिंडावं लागलं नाही. मतदार रोज परात घेऊन स्वतःच वर येत होते. गच्चीचा कारभार मायाक्कांकडे होता. मायाक्का म्हणजे गल्लीतलं सगळ्यात जुनं माणूस. कुणाची चादर कुठं पडणार, कावळ्याला कोण हाकलणार, हे त्या ठरवायच्या. निवडणूक आयोगालाही गल्लीत एवढा मान नव्हता.

पॅनलांची बातमी कळताच मायाक्का चार सुनांना घेऊन खाली दिवाणखान्यात आल्या. गुरुशांतकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"चंद्री," त्या म्हणाल्या, "तुजं पॅनल ऊन खानार. मग आमच्या कुरडयांनी काय खायचं?"

आता इथं एखाद्या सामान्य माणसानं अनीशला विचारून सांगते म्हटलं असतं. पण ताई आता लोकप्रतिनिधी होत्या. त्यांनी मायाक्कांचा हात हातात घेऊन सांगितलं की माझ्या गल्लीतल्या एकाही पापडाचं ऊन जाणार नाही, हा माझा शब्द. सुना खूश होऊन गेल्या. गुरुशांतनी हा शब्द अनीशला फोनवर कळवला. अनीशनं तो परत एकदा सांगायला लावला.

मग अनीशनं उपाय काढला. पॅनलं उंच बसवू. लोखंडी खांबांवर, माणूस खालून आरामात चालेल अशी. सगळ्यांना आवडलं. शेजारच्या ईश्वरप्पांनी कठड्यापलीकडून ऐकून आणखी दोन फूट वाढवायला सांगितलं, म्हणजे हवा खेळती राहील. ईश्वरप्पांचं चादरी-टॉवेलचं दुकान. त्यांचं घर तोळणुऱ्यांना लागूनच, दक्षिणेकडे. पक्षाचं तिकीट त्यांच्या पत्नीला मिळता मिळता चंद्रिकाताईंना मिळालेलं. त्यामुळं ते हल्ली तोळणुऱ्यांशी फार गोड बोलायचे आणि न मागता सल्ले द्यायचे.

खांब उभे राहू लागले तसे बाकीचे सल्लेही येऊ लागले. एकानं सांगितलं, पॅनलांवर वीज पडते, सजातीय असल्यामुळं. दुसऱ्यानं सांगितलं, उन्हातलं सत्त्व काच शोषून घेते आणि खाली नुसता उजेड येतो. निवृत्त तलाठ्यांनी विचारलं की सूर्य सरकारच्या मालकीचा की खासगी, याचा निकाल लागलाय का. नसेल तर पुढं वसुली निघू शकते. ईश्वरप्पांनी सगळ्यात शेवटी, चहा संपवून, कप खाली ठेवून विचारलं, "तोंड कुठं करालाय पॅनलाचं?"

"दक्षिणेला," गुरुशांत म्हणाले.

ईश्वरप्पांनी उसासा टाकला. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, एवढंच म्हणून ते उठले. गुरुशांतचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. बसवेश्वरांना मानणाऱ्या माणसानं दिशाबिशा मानू नये, असं ते स्वतःच कॉलेजातल्या शिपायांना सांगत आलेले. तरी त्यांनी अनीशला, केवळ तांत्रिक कुतूहल म्हणून, विचारलं की पूर्वेला नाही का चालणार. अनीश म्हणाला, काका, आपल्याकडे दक्षिणेकडूनच ऊन जास्त मिळतं, यमाचं मला माहीत नाही. गुरुशांतनी ते मान्य केलं. पुढचे काही दिवस मात्र ते अंघोळीनंतर दक्षिणेकडे पाठ करून उभे राहत.

इथवर सगळं ठीक होतं. अडलं ते वीज कार्यालयात. घराच्या वीजबिलावर नाव होतं मलकप्पा तोळणुरे. मलकप्पा हे गुरुशांतचे वडील. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण बिल वेळेवर येत होतं आणि भरलंही जात होतं, त्यामुळं कुणाची तक्रार नव्हती. आता मात्र सौरऊर्जेसाठी ग्राहकाची संमती हवी होती. खिडकीतल्या माणसानं शांतपणे सांगितलं की ग्राहकाला घेऊन या.

ग्राहक कैलासवासी आहेत, असं गुरुशांतनी सांगितलं. मग तसा दाखला आणा. दाखला आणला. त्यावर नाव मल्लिकार्जुन होतं, कारण मलकप्पांचं पाळण्यातलं नाव ते. मग दोन्ही माणसं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. प्रतिज्ञापत्र आणलं, तर त्यात तोळणुरेंचा 'णु' दीर्घ पडला होता.

गुरुशांतना राग यायला हवा होता. आला नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. तो माणूस कागद न वाचता नुसता उलटून त्रुटी काढत होता, एका वेळी एकच त्रुटी सांगत होता, आणि 'उद्या या' म्हणताना नजर वर करत नव्हता. हे सगळं गुरुशांतनी स्वतः कॉलेजात हयातभर केलेलं होतं, पण इतक्या सफाईनं त्यांना कधीच जमलं नव्हतं. एखाद्या गवयानं दुसऱ्याची तान ऐकावी तसे ते खिडकीबाहेर उभे राहायचे.

शेवटी पाचव्या का सहाव्या खेपेला त्यांनी, आयुष्यात कधी म्हणणार नाही असं ठरवलेलं वाक्य उच्चारलं. घसा साफ करून ते म्हणाले की मी नगरसेविकेचा नवरा आहे.

"मग ताईंनाच पाठवा की," तो माणूस म्हणाला. "तुमी कशाला त्रास घेतलाव?"

ताई गेल्या. दहा मिनिटांत काम करून आल्या आणि वर चहा पिऊन आल्या. गुरुशांतनी त्या दिवशी वर्तमानपत्र उभं धरून फार वेळ वाचलं. काम पक्कं झाल्याचा संदेश त्यांच्या फोनवर आला तो असा: प्रिय मलकप्पा, सौर कुटुंबात आपलं स्वागत. गुरुशांतनी तो वडिलांच्या फोटोला दाखवला.

पॅनलं बसली. देखणी दिसत होती. काळीभोर, चकचकीत, उंच, एखाद्या मंगल कार्यालयाचं छत असावं तशी. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं की छताखाली सावली असते. उंच असलं तरी छत ते छतच. पापड्या वाळेनात. दिवसभर उन्हाच्या मागं चादरी ओढत बायका गच्चीभर फिरल्या आणि दुपारपर्यंत सगळ्यांची वाळवणं एकमेकींत मिसळली. मायाक्कांनी अनीशला बोलावून घेतलं. त्या बिचाऱ्यानं हात जोडून सांगितलं की आजी, सूर्य एकच आहे; वरनं खाल्ला की खाली उरत नाही. मायाक्कांनी मान वर करून पॅनलांकडे पाहिलं आणि व्हय, असं म्हणून त्या विचार करत खाली गेल्या. त्यांचं हे 'व्हय' गुरुशांतना आवडलं नाही.

तपासणीच्या दिवशी वीज कार्यालयातले साहेब सकाळीच आले. पॅनलांतून वीज येते की नाही ते बघायचं आणि नवं मीटर बसवायचं, एवढंच काम. अनीशनं यंत्र सुरू केलं. आकडा वर चढेना. ऊन तर असं की कठड्याला हात लावता येत नव्हता. साहेब म्हणाले, चला, वर बघू. जिन्याच्या खोलीच्या छपरावरून पॅनलांची खालची कड हाताशी येत असे. तिथं गुरुशांत आधी चढले, आणि चढले ते तसेच उभे राहिले.

सगळ्या पॅनलांवर मुगाचे सांडगे घातलेले होते. ओळीनं, सारख्या अंतरावर, सुबक. वरच्या कडेपर्यंत हात पुरणार नाही म्हणून झाडूच्या दांड्याला पळी बांधून घातलेले. काच स्वच्छ, उतरती, तापलेली. खाली धूळ नाही, कुत्रं नाही, कावळ्याचा पाय घसरतो. वाळवणासाठी यापेक्षा चांगली जागा सोलापुरात कुणी बांधलेली नव्हती. मायाक्कांनी वरचं ऊन वरच गाठलं होतं.

पुढचा तास गुरुशांतच्या आयुष्यातला सगळ्यात उंचावरचा होता. निवृत्त कार्यालय अधीक्षक गुरुशांत मलकप्पा तोळणुरे हे जिन्याच्या छपरावर, डोक्याला टॉवेल बांधून, स्वयंपाकघरातल्या उलथन्यानं सरकारी योजनेतल्या पॅनलांवरचे सांडगे खरवडत होते. अनीश खालून ओरडून सांगत होता, काचेला ओरखडा नको. मायाक्का खालून सांगत होत्या, सांडगे मोडू नकोस. ईश्वरप्पा आपल्या गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते आणि अधूनमधून उलथनं कसं धरावं ते सांगत होते. साहेबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग त्यांच्या हातात अर्धवट वाळलेला एक सांडगा ठेवण्यात आला. तो त्यांनी तोंडात टाकला. हिंग जरा जास्त झालाय, असं म्हणून त्यांनी दुसरा घेतला. तपासणीच्या कागदावर त्यांनी शेरा मारला: पॅनलांवर खाद्यपदार्थ आढळले, ग्राहकास समज दिली. ग्राहक म्हणून खाली मलकप्पांचंच नाव होतं, एवढाच गुरुशांतना दिलासा.

त्या दिवसापासून वाळवण ईश्वरप्पांच्या गच्चीवर गेलं. ईश्वरप्पांनी स्वतः जिन्यात उभं राहून बायकांचं स्वागत केलं. संध्याकाळी भाकरी थापताना चंद्रिकाताईंच्या परातीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. मतदार जिना उतरून शेजारी चढले होते. आता सगळी भिस्त उद्घाटनावर होती.

उद्घाटनाला दिग्विजयदादा स्वतः येणार होते. कार्यकर्त्यांनी कोपऱ्यावर फलक लावला. त्यावर दादा मोठे, ताई मध्यम आणि सूर्य लहान होता. खाली ठळक अक्षरात होतं: वीज गेली तरी चंद्रिकाताईंचं घर उजळलेलंच.

गुरुशांतनी फलक दोनदा वाचला. कारण अनीशनं पहिल्याच दिवशी त्यांना नीट समजावून सांगितलं होतं की काका, यात बॅटरी नाही. बाहेरची वीज गेली की हे यंत्र आपोआप बंद पडतं, बाहेर भर ऊन असलं तरी. गुरुशांतनी हे ताईंना तेव्हाच सांगितलं होतं. ताई फोनवर होत्या. त्यांनी मान हलवली आणि 'ते तेवढं तुम्ही बघा' म्हणाल्या. आता वीज जाणं न जाणं कसं बघायचं, हे गुरुशांतना कळलेलं नव्हतं. फलक पाहिल्यावर त्यांनी परत सांगायचा प्रयत्न केला. पण घरात कार्यकर्ते होते, हार होते, फेट्यांचं खोकं होतं, आणि मिस्टर काहीतरी म्हणालेत हे कुणाच्या कानापर्यंतच पोचत नव्हतं.

कार्यक्रम गच्चीवर, पॅनलांखालीच ठेवला होता. भर दुपारी सोलापुरात दोनशे माणसं सावलीत बसली आहेत, हे पाहून दादा खूश झाले. पंखे फिरत होते. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. मायाक्का पहिल्या रांगेत. ईश्वरप्पाही आले, आणि कुणी न सांगता व्यासपीठावर जाऊन बसले. दादांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या, आणि ते बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, "आजपासून या घराला कुणाच्या विजेची गरज राहिली नाही. जगाची वीज जाईल, पण चंद्रिकाताईंच्या घरचा पंखा..."

पंखा थांबला. माईक थांबला. खाली घरातला फ्रीज एक आचका देऊन गप्प झाला. कोपऱ्यावरच्या डीपीत काहीतरी बिघडलं होतं आणि सगळ्या गल्लीची वीज गेली होती. त्या शांततेत ईश्वरप्पांच्या घरातून, त्यांच्या जुन्या इन्व्हर्टरवर चाललेल्या टीव्हीचा आवाज स्पष्ट येऊ लागला. मालिकेतली सासू कुणाला तरी विचारत होती, आता तोंड दाखवायला जागा राहिली का.

मागून कुणीतरी हसलं. मग हसू पुढं सरकत आलं. दादांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी अनीशला शोधलं, तो पाण्याच्या पिंपामागे वाकून काहीतरी तपासत होता. मग ताईंनी गुरुशांतकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या चेहऱ्यावर उत्तर न येणाऱ्या विद्यार्थिनीचा भाव त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांना तो बघवला नाही. ते उठले.

"मी सांगतो," गुरुशांत म्हणाले.

माईक नव्हताच. पण परीक्षेच्या काळात फी भरायला आलेल्या पाचशे पोरांची रांग ज्या आवाजानं सरळ व्हायची, तो आवाज अजून शाबूत होता. टीव्हीतली सासूसुद्धा त्याखाली दबली. फलकावरचं वाक्य चुकीचं आहे, असं त्यांनी पहिल्यांदा सांगून टाकलं. दादांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांनी सांगितलं की वीज गेली की आता कुणीतरी माणूस खांबावर चढणार, तारेला हात घालणार. तार मेलेली आहे असं धरूनच तो हात घालणार. अशा वेळी आपल्या पॅनलांची वीज उलटी त्या तारेत गेली तर तो खांबावरच चिकटेल. म्हणून हे यंत्र स्वतः गप्प बसतं. ते बिघडलेलं नाही. त्याला तसंच बनवलंय.

सगळे कठड्याकडे वळले. खाली कोपऱ्यावर खरोखरच वायरमन शिडी लावून खांबावर चढत होता. दोनशे माणसं एकदम आपल्याकडे बघतायत हे पाहून तो मध्येच थांबला आणि त्यानं आपली पँट चाचपून पाहिली.

"म्हंजी," मायाक्का सावकाश म्हणाल्या, "त्या लेकरासाठी ह्या घरानं पंखा बंद क्येला."

आता हे काही अगदी तसंच नव्हतं. पण दादा तीस वर्षं राजकारणात होते. त्यांनी ते वाक्य जमिनीवर पडू दिलं नाही. दुसऱ्याच्या जिवासाठी आपला पंखा थांबवणारं घर, हाच तो आदर्श, असं ते बिनमाईकचं म्हणाले आणि टाळ्यांनी पॅनलं हादरली. चंद्रिकाताईंनी डोळ्याला पदर लावला. गुरुशांत खाली बसले, तेव्हा शेजारच्या दोन माणसांनी त्यांच्यासाठी सरकून जागा केली.

टाळ्या थांबल्यावर मायाक्कांनीच विचारलं, "दादा, तुमच्या घरावर कवा बसनार?"

दादा लवकरच म्हणाले. लवकर म्हणजे पावसाळ्याच्या आधी का नंतर, मायाक्कांना जाणून घ्यायचं होतं. दादांनी बंगल्याभोवती झाडं फार असल्याचं सांगितलं. मायाक्का म्हणाल्या, मग गोठ्यावर बसवा की. लोक परत हसले, आणि दादांना दोनशे माणसांसमोर हो म्हणावं लागलं. पुढच्या महिन्यात अकलूजजवळ त्यांच्या शेतावरच्या गोठ्यावर पॅनलं बसली. जिल्ह्यातला पहिला सौर नेता कोण यावर वाद होऊ शकेल, पण पहिल्या सौर म्हशी कोणाच्या यावर दुमत राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात दादा होते, ताई होत्या, मध्ये ईश्वरप्पा होते. डाव्या कडेला एक कोपर होतं. गुरुशांतनी ते बहिणीला वैरागला फोन करून सांगितलं.

आणि मग जे व्हावं असं भाषणात म्हणतात, ते खरोखर झालं. लोकांनी आदर्श घेतला. सुरुवात ईश्वरप्पांनी केली. त्यांनी पॅनलं बसवली, आणि तोळणुऱ्यांपेक्षा तीन फूट उंच बसवली. त्यांच्या पलीकडच्या तलाठ्यांनी ईश्वरप्पांपेक्षा दोन फूट उंच. गल्लीच्या टोकाला एकानं तर अशी उंच बसवली की खालून रिक्षावाले विचारायचे, इथं पेट्रोल पंप कधी झाला. अनीशनं मोटरसायकल विकून कार घेतली. वाळवण कुणाच्याच गच्चीवर वाळेना, म्हणून मायाक्कांनी महापालिकेच्या बंद पडलेल्या मैदानात चादरी टाकल्या, आणि तिथं इतकी वर्दळ झाली की महापालिकेला मैदान सुरू करावं लागलं. त्याचंही श्रेय ताईंना मिळालं. ताईंचे दिवस फार चांगले चालले होते. त्यांनी रोज सकाळी घरच्याच दिवाणखान्यात नागरिकांच्या तक्रारी ऐकायला सुरुवात केली. रांग जिन्यापर्यंत जायची.

दिवाळी झाली. सूर्य खाली उतरून दक्षिणेकडून तिरपा चालू लागला. एका सकाळी गुरुशांत यंत्राचा आकडा बघायला गेले, तर तो निम्म्यावर आलेला. त्यांनी पुसून पाहिलं. अनीशला फोन केला. अनीश आता फोन उचलायला माणूस ठेवून होता. शेवटी ते स्वतः वर गेले आणि उमगलं. ईश्वरप्पांच्या उंच पॅनलांची काळी, सरळ, सुबक सावली तोळणुऱ्यांच्या पॅनलांवर पडली होती. सकाळी पडायची ती दुपार कलेपर्यंत हलायची नाही. ज्यांचा आदर्श घेतला त्यांचंच ऊन आदर्शानं खाल्लं होतं.

ईश्वरप्पांना त्यांनी कठड्यावरून विचारलं. ते अत्यंत आदरानं म्हणाले की ताईंनीच सांगितलंय ना, घराघरावर पॅनलं झाली पाहिजेत म्हणून. मग ताईंना सांगावं, तर ताई सकाळी मीटिंगला, दुपारी पाहणीला, रात्री जेवताना फोनवर. तीन दिवस गुरुशांत वाक्य तोंडात घेऊन हिंडले. चौथ्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, मागच्या दारानं बाहेर पडले, पुढच्या दारानं आत आले आणि स्वतःच्या घराच्या जिन्यात रांगेत उभे राहिले.

पुढं नाल्याची तक्रार होती, मग कुत्र्यांची, मग एका बाईंची सून ऐकत नाही अशी. गुरुशांत एकेक पायरी सरकत होते. मागच्या माणसानं त्यांना विचारलं, तुमचं काय काम आहे. ते म्हणाले, ऊन गेलंय. माणसानं सहानुभूतीनं मान हलवली.

त्यांचा नंबर आला. टेबलामागे चंद्रिकाताई डोकं खाली घालून लिहीत होत्या.

"नाव?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"गुरुशांत मलकप्पा तोळणुरे."

पेन थांबलं. ताईंनी वर पाहिलं. इस्त्रीचा शर्ट पाहिला, विंचरलेले केस पाहिले. रांगेतले लोक एकमेकांकडे बघू लागले. ताईंच्या ओठांच्या कडा हलल्या, पण त्यांनी त्या जागेवर आणल्या. गुरुशांतनी सविस्तर तक्रार सांगितली. सावलीची दिशा, वेळ, लांबी, प्रतिवादीचं नाव, सगळं. मध्ये कुणी त्यांना तोडलं नाही. लग्नानंतर प्रथमच त्यांचं बोलणं ताईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि वर लिहूनही घेतलं.

"तक्रार रास्त आहे," ताई म्हणाल्या. "पण दोन्ही बाजू माझे मतदार आहेत. पाहणी करावी लागेल. तुम्ही असं करा, सोमवारी या."

गुरुशांतनी वाकून नमस्कार केला. बाहेर पडताना त्यांना जाणवलं की आपल्याला वाईट वाटत नाहीये. नंबर लावला तर आपलंही ऐकलं जातं. ते जिना उतरले, अंगणातून वळसा घालून मागच्या दारानं स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी नगरसेविकांसाठी आणि रांगेतल्या लोकांसाठी चहा टाकला.